‘मी तसं म्हणालो नव्हतो’

पत्र :

‘ताई, मी 37 वर्षांचा, सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम करतो. मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. कुठली प्रणाली चांगली, कुठला फोन घेऊ नये, मंगळावर माणूस जाईल की नाही, हल्लीची गाणी का ऐकवत नाहीत, सगळ्यावर. धाकटी बहीण म्हणते, “दादा, तुला मत नाही असा एखादा विषय सांग, त्यावर निवांत बोलू.” 2023 च्या जुलैत नेहमीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे वीज जराही न अडवता वाहून नेणारा पदार्थ, सापडल्याची बातमी आली, तेव्हा मी सगळ्या मित्रांना सांगत सुटलो की दहा वर्षांत जग ओळखू येणार नाही. महिनाभरात ते प्रकरण निकालात निघालं. मित्रांनी छेडलं तेव्हा मी म्हणालो की मी तसं म्हणालो नव्हतो, फक्त शक्यता सांगत होतो. तेव्हापासून मी तोंड उघडलं की एक मित्र तळहातावर काहीतरी तरंगत असल्याची नक्कल करतो आणि सगळे हसतात. आता कानाला खडा लावलाय. ज्या विषयाचं शिक्षण नाही त्यावर बोलायचंच नाही. तीन आठवडे गप्प आहे आणि जीव गुदमरतोय. पण निर्णय बरोबर आहे ना?
– बोलघेवडा

ता. क. एक मात्र सांगतोच. पाच वर्षांनी कोड लिहायला माणसं लागणार नाहीत. हे माझ्याच क्षेत्रातलं आहे, तेव्हा बोलायला हरकत नसावी.’

बोलघेवडेराव,

तीन आठवडे पुरे झाले. मौन सोडा. गप्प बसण्याचा तुमचा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि ता. क. वाचून तुम्हालाही तो फारसा झेपत नसावा असं दिसतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुपरकंडक्टरच्या बाबतीत आपण तोंडघशी पडलो, हे तुम्हाला लागलंय. मला मात्र वेगळंच वाक्य खटकलं. ‘मी म्हणालो की मी तसं म्हणालो नव्हतो.’ तुम्ही हे इतक्या सहज लिहून पुढे गेलात की ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. मित्रांच्या नजरेतून सुटलेलं नाही. तो हातवारे करणारा मित्र त्या सुपरकंडक्टरची टिंगल करतोय असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तो या वाक्याची करतोय.

कारण सुपरकंडक्टरच्या बाबतीत फसलेले तुम्ही एकटे नव्हता. ते दिवस आठवा. दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यापासून बनवलेल्या एका करड्या पदार्थाबद्दल कच्चे शोधनिबंध टाकले. इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे, म्हणून कच्चे. पदार्थाचं नाव एलके-99. सुपरकंडक्टर चुंबकावर तरंगतो. निबंधांसोबत एक छोटी चित्रफीत होती, तिच्यात एक तुकडा चुंबकावर तरंगताना दिसत होता. नीट पाहिलं तर त्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच होती, पण ते नीट पाहण्याच्या मनःस्थितीत कोण होतं? जगभरच्या प्रयोगशाळांत लोक भट्ट्या पेटवून बसले. त्यांत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकेक धागा सुटत गेला. त्या पदार्थात कॉपर सल्फाइडची, म्हणजे तांबं आणि गंधक यांच्या संयुगाची, भेसळ होती. कॉपर सल्फाइडची रचना सुमारे 104 अंश सेल्सिअसला बदलते आणि त्याबरोबर त्याचा विद्युतरोधही एकदम बदलतो. मूळ निबंधात रोध अचानक कोसळलेला दिसला होता तो याच तापमानाच्या आसपास. अर्धवट तरंगणं हे साध्या लोहचुंबकीय गुणाने होत होतं. शेवटी जर्मनीतल्या एका गटाने भेसळ नसलेले स्फटिक तयार केले. ते जांभळट पारदर्शक निघाले, आणि वीज वाहून नेण्याऐवजी ती अडवणारे, म्हणजे चक्क विद्युतरोधक निघाले.

आता सांगा, यात तुम्हाला लाज वाटण्यासारखं काय आहे? उत्साहाच्या भरात तुम्ही पायाच्या आधी कळस चढवलात, एवढंच. विज्ञानाच्या बातम्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतं. माझ्या हातून 2011 साली झालं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे 730 किलोमीटर लांब, इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा जवळपास 60 नॅनोसेकंद आधी पोहोचले, अशी बातमी होती. प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही असं सांगणाऱ्या आइनस्टाइनला मी दोन दिवस निरोप देत फिरत होते. पुढच्या वर्षी कळलं की प्रकाशतंतूची एक केबल नीट बसवलेली नव्हती.

त्या पथकाने मात्र काय केलं होतं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी ‘आइनस्टाइन चुकला’ अशी आरोळी ठोकली नाही. आम्हाला असा आकडा मिळतोय, आम्ही महिनोन् महिने चूक शोधतोय, ती सापडत नाही, तुम्ही तपासा, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोळी ठोकली ती आमच्यासारख्यांनी. आणि चूक सापडली तेव्हा ती त्यांनी स्वतः जाहीर केली. हे फुकटात झालं असं मी म्हणणार नाही. 2012 मध्ये पथकाच्या दोन प्रमुखांनी आपली पदं सोडली. तरीही आज त्या प्रयोगाची आठवण निघते तेव्हा ‘लपवालपवी’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही.

आता तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगते. बॉब मेटकाफ. संगणक एकमेकांना तारांनी जोडण्याची इथरनेट ही पद्धत ज्यांनी शोधली त्यांतला हा एक. 1995 च्या अखेरीस याने आपल्या स्तंभात लिहिलं की पुढच्या वर्षी इंटरनेट प्रचंड फुगेल आणि 1996 मध्येच कोसळेल. तसं झालं नाही तर आपले शब्द आपणच खाऊ, असंही तो म्हणाला होता. इंग्रजीत चूक कबूल करण्याला ‘शब्द खाणं’ म्हणतात. आपल्याकडे आपण दुसऱ्याचे दात त्याच्या घशात घालतो, त्यांच्याकडे माणूस स्वतःचे शब्द स्वतः खातो. 1996 आलं आणि गेलं, इंटरनेट उभंच राहिलं. 1997 च्या एका परिषदेत मेटकाफ व्यासपीठावर आला तो आधी, आपल्या शब्दांऐवजी खायला, एक भलामोठा केक घेऊन. सभागृहाने आरडाओरडा करून ती पळवाट बंद केली. मग त्याने तो छापील स्तंभ मिक्सरमध्ये घातला, पाणी घालून फिरवला आणि लोकांसमोर पिऊन टाकला.

कागद पचायला वाईट असणार. पण या माणसाचं काही बिघडलं का? त्याला पुढे 2022 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि संगणकशास्त्रात त्याहून मोठा मान नाही. तो चुकल्याचं सगळ्यांना आठवतं, पण हसताना आठवतं, आणि त्या हसण्यात आपुलकी असते. ‘मी कोसळेल असं नव्हतो म्हणालो, थोडं हळू होईल असं म्हणालो होतो’ असं तो म्हणाला असता, तर आज त्याच्याही पाठीमागे कुणीतरी हातवारे करत फिरलं असतं.

तेव्हा पहिलं काम हे. त्या मित्राकडे जा आणि सांगा, ‘मी दहा वर्षांत जग बदलेल असं म्हणालो होतो. अगदी तसंच म्हणालो होतो. चुकलो.’ एवढंच. मागे ‘पण’ लावू नका. ‘पण त्यावेळी उपलब्ध माहितीनुसार’ तर मुळीच नको.

आता मतांकडे येते, कारण तुम्ही ‘सगळ्यावर’ मत असतं असं म्हणता, आणि एकाच गाळणीने सगळं गाळायला निघता. तिथे तुमचा थोडा घोटाळा होतोय.

सॉफ्टवेअर आणि यंत्रं यांच्याबद्दलची आपली मतं खरं म्हणजे सवयी असतात. त्या सवयी मताचा अंगरखा घालून फिरतात. स्वतःचंच उदाहरण देते. 2007 मध्ये बटणांशिवायचा फोन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं की काचेवर बोट घासून कुणी लिहिणार नाही. पुढे सगळे लिहू लागले. मी काय केलं? पुढची चार वर्षं बटणांचा फोन वापरला. तो चांगला होता म्हणून नव्हे. नवा घेतला असता तर चारचौघांना तोंड काय दाखवणार, म्हणून. मत सांभाळायला चार वर्षं बटणं बडवली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. (तो फोन अजून खणात आहे. चालतोही. हे मी अधूनमधून कुणालातरी सांगतेच, म्हणजे पीळ पुरता गेलेला नाही.)

तुमच्याच क्षेत्रातला एक प्रसिद्ध वाद तुम्हाला माहीत असेल. जानेवारी 1992 मध्ये मिनिक्स ही संगणक-प्रणाली लिहिणाऱ्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकाने लिनक्स ही नवी प्रणाली कालबाह्य आहे असं जाहीरपणे म्हटलं. त्याचा आक्षेप रचनेवर होता. प्रणालीचा गाभा एकसंध, एकाच ठोकळ्यासारखा ठेवणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं, असं त्याचं म्हणणं. लिनक्स लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा 22 वर्षांचा विद्यार्थी होता. तो आधी चिडून तुटून पडला, मग दुसऱ्या दिवशी आपल्या भाषेबद्दल त्याने माफी मागितली. आणि मूळ उत्तरात, चिडलेला असतानाच, त्याने हेही मान्य केलं होतं की तत्त्व आणि सौंदर्य पाहिलं तर तुमचीच रचना सरस आहे, लिनक्स तिथे हरतं. पण ते आज हातात आहे आणि चालतंय.

पुढे काय झालं? नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. म्हणजे प्राध्यापक हरला? त्याच 2017 मध्ये उघड झालं की इंटेल कंपनीच्या चिप असलेल्या असंख्य संगणकांच्या पोटात, वापरणाऱ्याला दिसणारही नाही अशा जागी, टॅनेनबॉमचं मिनिक्स चालू आहे. ते तिथे आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. मला हा वाद यासाठी आवडतो की दोघांनी आपापलं मत कशावर उभं आहे ते स्वच्छ सांगितलं होतं. एक रचनेबद्दल बोलत होता, दुसरा उपयोगाबद्दल. म्हणून इतक्या वर्षांनीही तो वाचताना काहीतरी हाती लागतं. तुम्ही ‘कुठली प्रणाली चांगली’ म्हणता तेव्हा कशासाठी चांगली, कुणासाठी, आणि तुम्ही ती किती दिवस वापरलीत, हे सांगता का? नसाल सांगत, तर ऐकणाऱ्याला फक्त तुमच्या आवाजाची पट्टी कळते.

गाण्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘हल्लीची गाणी मला ऐकवत नाहीत’ हे विधान खोटं ठरूच शकत नाही, ते तुमच्या कानांबद्दल आहे. ‘हल्लीची गाणी वाईट आहेत’ हे विधान गाण्यांबद्दल आहे, आणि त्यासाठी ती ऐकावी लागतात. शिवाय मानसशास्त्रज्ञांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी इतर वयांपेक्षा जास्त आणि ठसठशीत राहतात, आणि त्या काळातलं संगीत त्यांना चिकटून येतं. तुम्ही 37 चे. हिशेब करा. त्यात जुन्या काळातली रद्दी काळाने आधीच फेकून दिलेली असते आणि आजची अजून अंगणात पडलेली असते. तुम्ही चाळलेल्याची तुलना न चाळलेल्याशी करता. बहिणीला एकदा विचारा, ‘तुला हे गाणं का आवडतं?’ आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. तुम्हाला ते अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

विज्ञानाच्या बातम्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे तुमची आवड काहीही असो, उत्तर शेवटी एकच असतं आणि ते तुमच्या मताची वाट पाहत नाही. पण ते यायला वेळ लागतो. पी हळद आणि हो गोरी असं तिथे चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या जिवाणूंची गोष्ट घ्या. सगळ्या सजीवांना लागणाऱ्या फॉस्फरसच्या जागी ते विषारी आर्सेनिक वापरू शकतात, असा निबंध 2010 च्या डिसेंबरात गाजला. 2012 मध्ये इतरांनी प्रयोग करून तो खोडला. आणि नियतकालिकाने तो मागे घेतला 2025 मध्ये. पंधरा वर्षं! उलट दिशेचंही उदाहरण आहे. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, पहिला संकेत 14 सप्टेंबर 2015 ला मिळाला, पण त्या पथकाने तो जगाला सांगितला 11 फेब्रुवारी 2016 ला. मधले पाच महिने ते स्वतःलाच खोटं ठरवायचा प्रयत्न करत होते.

म्हणून अशी बातमी आली की बोला, जरूर बोला, पण तुमच्याजवळ काय आहे तेही सांगा. ‘कच्चा निबंध आलाय, दुसऱ्या कुणी अजून करून पाहिलेलं नाही, खरं निघालं तर मजा आहे.’ हे वाक्य बोलायला तुमच्या मूळ वाक्याइतकाच वेळ लागतो. उत्साहही कमी होत नाही, उलट ऐकणारा तुमच्याबरोबर वाट पाहू लागतो.

शिक्षण नसेल तर बोलू नये, हा तुमचा नियम मला म्हणूनच पटत नाही. त्यापेक्षा एक परीक्षा सुचवते. 2002 मध्ये लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं होतं की चेन, म्हणजे कपड्यांची झिप, कशी चालते, कुलूप कसं उघडतं, हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग त्यांना पायरीपायरीने लिहून काढायला सांगितलं. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तर ते घसरले. आपल्याला ओळखीचं असतं ते आपण समजलेलं समजतो. तुम्ही मत देण्याआधी मनात तीनच पायऱ्या मांडून पाहा. सुपरकंडक्टरमुळे जग कसं बदललं असतं? विजेच्या तारा? पण तो पदार्थ ठिसूळ असता तर त्याची तार कशी ओढणार? दुसऱ्याच पायरीवर अडखळलात, तर मताऐवजी प्रश्न विचारा. बोलण्याची हौस प्रश्नानेही भागते. मी करून पाहिलंय.

आता ता. क.

तुम्हाला वाटतं की स्वतःचं क्षेत्र म्हणजे सुरक्षित जागा. मेटकाफ स्वतःच्या क्षेत्राबद्दलच बोलला होता. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांतला एक, जेफ्री हिंटन, तोही. 2016 मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की क्ष-किरण चित्रं वाचणारे डॉक्टर घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्रं त्यांच्याहून चांगलं काम करतील हे उघड आहे. पाच वर्षं उलटून गेली, ते डॉक्टर आजही कामावर आहेत आणि यंत्रं त्यांच्या हाताखाली आहेत. याच हिंटनला 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यंत्रांबद्दल तो अडाणी होता असं कुणी म्हणणार नाही. डॉक्टर दिवसभर चित्रांखेरीज आणखी काय काय करतात, ते त्याच्या हिशेबात आलं नाही. आपल्या क्षेत्रात आपण बेधडक असतो आणि शेजारच्या खोलीत काय चालतं ते विसरतो. तुम्ही स्वतः दिवसातला किती वेळ प्रत्यक्ष कोड लिहिता आणि किती वेळ ‘नक्की हवंय काय’ हे समोरच्याकडून काढून घेण्यात घालवता, ते एक आठवडाभर मोजा. मग ता. क. पुन्हा वाचा.

तरीही म्हणायचं असेल तर म्हणा. फक्त ‘लागणार नाहीत’ याचा अर्थ आधी ठरवा. एकही नाही? अर्धी? तुमच्या चमूतली किती? स्टीफन हॉकिंग या भौतिकशास्त्रज्ञाने 1974 साली किप थॉर्न या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाशी पैज लावली होती की हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-1 हे कृष्णविवर नाही. ती लेखी होती. 1990 मध्ये हॉकिंगने हार मानली तीही त्याच कागदावर, अंगठा उठवून. तुमचा कागद असा असू द्या : काय होईल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय दिसलं तर मी चुकलो असं धरायचं. खाली सही. तो कागद तुमच्याजवळ ठेवू नका. नक्कल करणाऱ्या मित्राकडे ठेवायला द्या. त्याच्याइतका काळजीपूर्वक तो कुणी जपणार नाही.

आणि कागद देताना त्याने पुन्हा हात वर केला, तर त्याला सांगा, ‘अरे, एक कड टेकलेली होती. तेवढी नक्कल तरी नीट कर.’